ती चेन कोणी जोडली

माझ्या माहेरच्या वाडीत कोणाकडेच सायकल नव्हती. कोकणात, खाडीच्या वरच्या अंगाला आमची घरं. दारातून बाहेर पडलं की पाखाडी उतरायची नाहीतर चढायची, तिथे दोन चाकं कोण कशाला घेईल? सहावीनंतर माझी शाळा सुटली. पुढची शाळा खाडीपलीकडे, तरीच्या होडीतून जावं लागे आणि आईला अंथरुणातून उठवत नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन मी बदनापूरला आले. माझे मामा तिथे रेल्वेत गँगमन होते, त्यांनी हे स्थळ आणलं. मुलगा सायकली दुरुस्त करतो, पीत नाही, आपल्यातलाच आहे. एवढं आईला पुष्कळ झालं. पुढच्याच वर्षी मामांची बदली झाली आणि त्या गावात माझ्यासारखं बोलणारं कोणी उरलं नाही.

माझ्या नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत. मीही इथे तेच लिहिते. स्टेशनाच्या रस्त्याला पत्र्याची एक शेड, पुढे दुकान, मागे आमची खोली, मध्ये गोणपाटाचा पडदा. पहिले काही महिने मी त्या पडद्याआड बसून असायचे. दार वाजलं तरी उठायचे नाही. बाहेर लोक मोठ्यानं बोलायचे ते मला भांडणच वाटायचं.

मिस्त्रींनी एके दुपारी रॉकेलचा डबा आणि गंजलेली एक चेन माझ्यापुढे ठेवली.

"ही धू. अन् धुता धुता कड्या मोज."

"किती आहेत ते तुम्हाला माहीत नाही?"

"मला माहीत हाय. तुझं मन कुठंतरी लागलं पायजे म्हणून सांगून राह्यलो."

मी मोजल्या. दुसऱ्यांदा मोजल्या तर आकडा वेगळा आला. तिसऱ्यांदा मोजत असताना मला रडू आलं आणि मिस्त्री बाहेर जाऊन पंक्चर काढत बसले. त्या दिवसापासून मी शिकत गेले. चेन जोडायचं लॉक असतं, वर बारीक पट्टी बसते. ती पट्टी मला मासोळीसारखी दिसते असं मी म्हटलं, तर ते खूश झाले. "मंग ध्यानात ठेव. मासोळीचं तोंड चेन जिकडं जाती तिकडं, शेपूट मागं. उलटी बसली तर कुठंतरी अडकून निघती अन् माणूस तोंडावर पडतो." सहावीत सुटलेलं शिकणं मला त्या शेडमध्ये परत मिळालं. चुकलं तर ते हसले नाहीत. माझ्या आयुष्यात चुकल्यावर न हसलेला, न ओरडलेला हा पहिला माणूस. मी त्याची किती ऋणी आहे हे पुढे जे लिहिणार आहे त्यावरून कळेल, आणि लाजही त्यातच आहे.

त्यांच्या दोन पद्धती होत्या. गिऱ्हाइकाच्या चेनीतली कडी काढली तर ती कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाला परत द्यायची. मिस्त्रीनं माल ठेवून घेतला असं कोणी म्हणू नये. दुसरी पद्धत अशी, की चेनीला हात लागलेली सायकल मालकाच्या हातात द्यायच्या आधी दुकानाच्या माणसानं चालवायची. मिस्त्री स्वतः बसत. रेल्वे फाटकाकडे थोडा चढ आहे, तिथे पायडलवर उभे राहून जोर लावत, वर जाऊन वळून येत. कितीही गर्दी असो, गिऱ्हाईक किती का घाई करेना.

"मिस्त्री, जल्दी करा, गाडी चुकल माझी."

"गाडी चुकली तर दुसरी हाय. दात पडले तर दुसरे कुठून आणता?"

शेडला लागूनच माझ्या थोरल्या दिरांची पिठाची गिरणी होती. दळण कमी असलं की ते पांढऱ्या भुवयांनी आमच्याकडे येऊन बाकावर बसत. जीभ तिखट, पण आमचा दिवस त्यांच्या चहाशिवाय सुरू होत नसे. मिस्त्रींच्या हाताचा त्यांना मोठा अभिमान होता. गिरणीत बसून सांगायचे, "आमच्या भावानं जोडलेली चेन तोडायची असल तर रेल्वेचं इंजिन लावा."

मी तीस-एकतीस वर्षांची असेन. एक दिवस मिस्त्रींच्या बशीतला चहा सांडला. मग रोज सांडू लागला. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट आपोआप हलायचं, जसं काही ते अदृश्य तंबाखू मळताहेत. जालन्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, हे वाढत जाईल. मिस्त्रींनी मला बजावलं, कोणाला बोलू नकोस. पण थोरल्या दिरांच्या नजरेतून काय सुटणार?

"काय रे, पान्हा आपोआप फिरून राह्यला का? तुला तर मेहनतच न्हाई."

मिस्त्री हसले. रात्री जेवले नाहीत.

तेव्हापासून आमची कामाची वाटणी झाली. मोठी कामं, टायर, हँडल, वाकडं चाक सरळ करणं, ते पुढे बसून करत. लॉक, छर्रे, ब्रेकची तार अशी बारीक कामं पडद्याआड माझ्याकडे येत. तयार झालं की ते पडद्याखालून बाहेर घेत. गावाला वाटे सगळं मिस्त्रीच करतात. मला त्यात काही कमीपणा वाटला नाही. मला भीती एवढीच, की माझ्या हातून काही चुकलं तर ते त्यांच्या नावावर जाईल.

त्याच सुमाराला गिअरच्या सायकली आल्या. जाड टायर, सरळ हँडल, डोंगरावर चालवायच्या म्हणे. आमच्याकडे डोंगर कुठे? तरी पोरं घेत होती. शेतकी केंद्रात नोकरीला लागलेले एक तरुण साहेब नाशिककडून आले, त्यांची तशी सायकल होती. ती पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा मिस्त्री तिच्याभोवती गोल फिरले.

"साहेब, हिच्या चेनीला लॉकच न्हाई?"

"नाही मिस्त्री. चेन बारीक आहे, लॉक लावलं तर मागच्या गिअरला अडकतं. पिनच दाबून काढायची, तीच दाबून बसवायची."

मिस्त्रींनी जालन्याला मस्तगडाकडच्या दुकानातून चेन कटर आणला. मुठीएवढं यंत्र, एका खाचेत चेनीची कडी बसवायची आणि दांडा फिरवत न्यायचा, की समोरचा खिळा पिनेला हळूहळू ढकलतो. साहेबांकडून शिकून घेतलेलं त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. खिळा पिनेच्या मधोमध बसला का ते बघ. तोंड जवळ नेऊ नको, पिन उडती. दांडा मोजून फिरव, अन् पिनेचं टोक पलीकडच्या पट्टीत अडकून राहू दे. तेवढं अडकलं तर परत बसती. बसवली की दोन्ही बाजूंनी सारखीच बाहेर दिसली पायजे, अन् तिथं चेन मोकळी वाकली पायजे. आखडली तर आडवी हलकेच हलव.

"आणि पूर्ण बाहेर निघाली तर?"

"मंग ती जागा सोडायची. ठोकून बसवू नको. भोक मोठं होतं, हाताला घट्ट लागती पण जोर आला की पट्टी सरकती. दुसऱ्या कडीवर जोडायची. अन् मला सांगायचं. बिलकुल लपवायचं न्हाई."

मी जुन्या तुकड्यावर सराव केला. आठ-दहा वेळा बरोबर आलं. मिस्त्री म्हणाले, "माझ्यापेक्षा बेस." मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही.

मग एका उन्हाळ्यातल्या दुपारी साहेब सायकल सोडून स्टेशनवर पार्सल आणायला गेले. चेनीतली एक कडी वाकडी झाली होती. मिस्त्रींनी सायकल पडद्याआड माझ्यापुढे आणली; ती कडी काढून चेन जोडायची, एवढंच काम. बाहेर थोरले दीर बाकावर बसलेले, आणखी दोघं-तिघं दळणवाले.

वाकडी कडी मी नीट काढली, पुडीत बांधली. जोडायची जागा मोकळी करताना बाहेर थोरल्या दिरांचा आवाज चढला. "भाऊ, तू हॉटेल टाक. चहा ढवळायला चमचाच लागणार न्हाई तुला, नुसतं बोट घाल." सगळे हसले. मिस्त्रीही हसल्याचं ऐकू आलं. माझा हात दांड्यावर होता. एक वळसा जास्त फिरला. पिन टुपकन माझ्या ओटीत पडली.

मी ती हातात घेऊन बसले. आत्ता हाक मारली तर ते पडदा सारून आत येणार, मागोमाग थोरले दीर डोकावणार, आणि मिस्त्रीचं काम बायको करते, तेही बिघडवून, हे त्या बाकावरच्या सगळ्यांना कळणार. चेन अजून कमी केली तर? साहेबांची महागाची चेन, आधीच एक कडी काढलेली. आता दुसरी, तीही माझ्या चुकीनं. पुडीत दोन कड्या दिसल्या की ते काय म्हणतील? गिअरला चेन अपुरी पडली तर? अशा शंका मला नेहमीच एकदम सगळ्या येतात.

मी पिन पकडीत धरली, भोकावर टेकवली, ऐरणीवर हातोडीचे तीन ठोके घातले. बाहेर हसणं चालू होतं, कोणाला आवाज गेला नाही. पिन बसली. एका बाजूला केसभर कमी दिसत होती. मी तिथे तेलाचं बोट फिरवलं.

मिस्त्री आत आले. चेन दात्यांवर चढवली, पायडल उलटं फिरवून पाहिलं. डाव्या हातानं, जो थरथरत नव्हता, एकेक कडी चाचपत नेली.

"पिन पूर्ण तर न्हाई ना निघाली?"

"नाही."

"बराबर. आलो मंग चक्कर मारून."

मला सायकल येत नव्हती. येत असती तर मी गेले असते, असं मी पुढे हजार वेळा मनाशी म्हटलं. खरं म्हणजे मला तेव्हा, ते सायकल बाहेर काढत होते तेव्हा, तोंड उघडायचं होतं. तेवढं जमलं असतं तरी पुरे होतं.

फाटकाच्या चढावर ते पायडलवर उभे राहिले आणि जोर लावता लावताच गिअर बदलला. चेन उघडली. पाय खाली गेला, कमरेवर दांडी बसली आणि ते हँडलवरून उजव्या बाजूला पडले. मी दुकानाच्या तोंडाशी उभी होते, सगळं दिसत होतं. थोरले दीर माझ्याही आधी पळाले. पडल्या जागेवरून त्यांना उचलताना ते पिठाच्या हातांनी भावाचा चेहरा पुसत होते.

खुबा मोडला होता. टेम्पोत घालून जालन्याला निघालो. दीर पुढे ड्रायव्हरशेजारी, मागे आम्ही दोघं. मी म्हणाले, "पिन निघाली होती. मी ठोकली."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं शुद्ध गेली. मग म्हणाले, "कोणी इचारलं तर चेन मी जोडली. तू पाणी आणायला गेल्ती."

"असं कसं?"

"माझा हात जाणारच हाय. तुझाबी बदनाम झाला तर दुकानात बसल कोण?"

मी हो म्हणाले. त्या 'हो'ची मला अजून भीती वाटते, इतक्या सहज ते तोंडातून निघालं.

साहेब दवाखान्यात आले. मिस्त्रींनी झोपल्या झोपल्या त्यांना सांगितलं, "माझी चूक झाली, साहेब. हात थरथरला. चांगलं झालं मी बसलो, तुम्ही हायवेवर असते तर?" साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पलंगाच्या पायथ्याशी संत्रं सोलत उभी होते.

मिस्त्री परत चालले नाहीत. काठी घेऊन न्हाणीपर्यंत जायचे, नंतर तेही सुटलं. मी पडदा काढून टाकला, म्हणजे खाटेवरून त्यांना दुकान दिसावं. गावानं पहिले काही दिवस कामं दुसरीकडे नेली, मग हळूहळू माझ्याकडे येऊ लागली. त्यांची पद्धत मोडायची नव्हती, म्हणून तेहतिसाव्या वर्षी मी सायकल शिकले. पहाटे स्टेशनामागच्या मोकळ्या जागेत थोरले दीर मागून कॅरिअर धरून पळायचे. ओरडायचे, "समोर बघ, चाकाकडं काय बघून राह्यली! चाक कुठं पळून जातं का?" गुडघे फोडून घेतले, पण शिकले. नऊवारीतली नव्हे, पाचवारीतलीच बाई चढावर पायडलवर उभी राहते म्हणून पोरं शिट्ट्या मारायची. मग त्यांचीही सवय मोडली.

काम चांगलं होऊ लागलं. गिअरच्या सायकली तर लांबून येत. आणि तिथूनच माझं खरं दुखणं सुरू झालं. कोणी म्हणे, "वहिनी, तुमच्या हातची चेन म्हणजे बघायलाच नको. मिस्त्रींचा हात शेवटी शेवटी गेल्ताच." कोणी म्हणे, "बरं झालं दुकान तुम्ही घेतलं." माझी प्रत्येक शाबासकी खाटेवरच्या माणसाच्या अंगावर पडायची. बारा हातांच्या अंतरावर ते पडलेले असायचे, सगळं ऐकायचे.

थोरले दीर तर त्यांच्यासमोरच बोलायचे. राग त्यांचा वेगळाच होता. भावाचा बाळगलेला अभिमान वाया गेल्याचा राग. "इतकी वर्षं गावाला शिकवलं, अन् स्वतःला एक पिन धड बसवता आली न्हाई. मी लोकांना इंजिन लावा म्हणायचो. आता मलाच म्हणतात, इंजिन लावलं होतं का?"

एकदा माझ्यानं राहवलं नाही. मी हातातला पान्हा खाली ठेवला. "भाऊजी, ती चेन..."

"पाणी दे!" खाटेवरून मिस्त्री इतक्या जोरात ओरडले की रस्त्यावरचा माणूस थांबला.

दीर गेल्यावर मी त्यांना म्हणाले, "मला हे सोसत नाही."

मघाशी ओरडले तेवढंच, एरवी त्यांचं बोलणं तोवर बारीक, चिकट झालं होतं. कान तोंडाजवळ न्यावा लागे. "मी हाय तोवर सोस. मी गेल्यावर तुझं तू बघ."

दोन हिवाळे गेले. तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी, दुपारी, मी एका चाकाच्या तारा भरत असताना ते गेले. मी बोलत होते, आणि मला वाटत होतं ते ऐकताहेत.

ते गेल्यानंतरच्या जलदान विधीच्या दिवशी शेडसमोर मांडव घातला होता. साहेबांची बदली होऊन वर्ष झालं होतं, तरी कोणीतरी कळवलं आणि ते आले. विधी आटोपल्यावर मी, साहेब, थोरले दीर आणि गल्लीतले पाच-सहा जण बसलो होतो. साहेब मला धीर द्यायला म्हणाले, "वहिनी, मी मिस्त्रींना कधी दोष दिला नाही. हात आजारी असला की चूक कोणाचीही होते."

मी म्हणाले, "चूक त्यांची नव्हती. ती चेन मी जोडली होती. पिन पूर्ण निघाली ती मी ठोकून बसवली. त्यांनी विचारलं तेव्हा खोटं बोलले. त्यांनी त्या पिनेला हातसुद्धा लावला नव्हता, चेन नुसती चढवून चाचपली."

 साहेब जमिनीकडे बघत राहिले. थोरल्या दिरांनी हातातला कप सतरंजीवर ठेवला, तो कलंडला.

"मंग इतके दिवस मी त्याला..." एवढंच ते म्हणाले. उठून गिरणीत गेले, आतून दार लावून घेतलं. त्या दिवशी गिरणी चालली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी सुरू झाली, आणि पट्ट्याच्या आवाजाच्याही वर त्यांचा आवाज मला ऐकू येऊ लागला. दळणाला येईल त्याला ते सांगत होते. "भाऊ चुकला नव्हता आमचा. बायकोनं चूक केली अन् त्यानं पोटात घातली." बायांना सांगितलं, पोरांना सांगितलं, फाटकावरच्या गेटमनला जाऊन सांगितलं. माझ्याशी बोलले नाहीत. मला त्यांचा राग आला नाही. मिस्त्रींचं नाव कोणीतरी गावभर मोठ्यानं घेत होतं, आणि ते नीट घेत होतं.

आठवडाभर माझ्याकडे पंक्चरं आली, हवा भरायला पोरं आली. चेन एकही आली नाही. पुढच्या आठवड्यात दाभाडीच्या रस्त्याकडचा एक शेतकरी मुलाची गिअरची सायकल घेऊन आला. चेन तुटलेली. एरवी लोक सायकल सोडून चहाला जातात. तो गेला नाही. कटर खाचेत बसवल्यापासून तो माझ्या खांद्यामागे वाकून उभा राहिला.

"बाई, राग मानू नका. बघून राह्यलो फक्त."

"बघा," मी म्हणाले, आणि त्याला बसायला स्टूल पुढे सरकवलं.